किनाऱ्याचा पहारा आणि तिजोरीची भरती-ओहोटी

१ फेब्रुवारी या तारखेला दिल्लीत दोन गोष्टींचा योग जुळून येतो. त्यांतील एक साऱ्या देशाच्या ध्यानात असते. दुसरीची वार्ता फारशी कोणाला नसते. केंद्रीय अर्थसंकल्प या दिवशी लोकसभेत मांडण्याचा प्रघात २०१७ पासून पडला आहे, आणि प्राप्तिकराची मर्यादा किती वाढली, कशाची किंमत चढली याची चर्चा त्या सायंकाळी घरोघर चालते. याच तारखेस १९७७ साली भारतीय तटरक्षक दलाचा हंगामी स्वरूपात जन्म झाला, म्हणून त्या दलाचा वर्धापनदिनही हाच. योगायोग खरा, परंतु तो सूचक आहे. ज्या दिवशी देशाच्या तिजोरीचा हिशेब मांडला जातो, त्याच दिवशी जन्मलेल्या या दलाला त्या हिशेबात स्थान कोणते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आकडे बोलके आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी रुपयांची होती. तीत तटरक्षक दलाचा वाटा ९,६७६ कोटी ७० लाखांचा. म्हणजे शंभर रुपयांतील सुमारे एक रुपया बेचाळीस पैसे. आदल्या वर्षीच्या ७,६५१ कोटी ८० लाखांच्या मानाने ही वाढ सव्वीस टक्क्यांहून अधिक होती, आणि नौका, विमाने, उपकरणे यांसाठीचा भांडवली खर्च तर ३,५०० कोटींवरून ५,००० कोटींवर नेण्यात आला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि एका वर्षी भरती आली म्हणून समुद्र कायमचा चढला असे कोणी म्हणत नाही. या दलाच्या जवळजवळ पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, तर सरकारी औदार्याला भरती-ओहोटीचाच नियम लागू असल्याचे दिसून येते. आणि भरती बहुधा एखाद्या संकटानंतरच आलेली आहे.

जन्माची कारणे

तटरक्षक दल कशासाठी निर्माण झाले, हे नव्या पिढीस सांगणे अवश्य आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मुंबई, कोकण आणि गुजरात या भागांत, सोन्याची व परदेशी मालाची चोरटी आयात हा एक समांतर व्यापारच होऊन बसला होता. आखाती बंदरांतून निघालेली गलबते रात्री-अपरात्री खाड्यांत शिरत, आणि त्यांचा पाठलाग करावयास जकात खात्यापाशी पुरेशा वेगवान नौका नसत. नौदलाला सांगावे, तर महागडी युद्धनौका आणि युद्धाचे शिक्षण घेतलेले खलाशी चोरांच्या होड्यांमागे धाडणे हा शुद्ध अपव्यय होता. तशात १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाशी तेलाचा शोध लावला. दोनच वर्षांनी संसदेने सागरी क्षेत्रविषयक कायदा केला आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला.

कायद्याच्या एका फटकाऱ्यानिशी देशाच्या पदरी सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र पडले. भारताच्या भूभागाच्या तीन पंचमांश भरेल एवढे हे पाणी. पण कागदावर मिळालेला हक्क पाण्यावर टिकवावयाचा, तर तेथे कोणी तरी उभे असावे लागते. १९७४ मध्ये नेमलेल्या समितीने पुढील वर्षी आपला अहवाल देताना नेमके हेच सांगितले. समितीचे अध्यक्ष होते नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक म्हणून नावाजलेले के. एफ. रुस्तमजी. समुद्रावरील कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नौदलाहून वेगळे असे स्वतंत्र दल असावे, ही त्या समितीची शिफारस. तदनुसार फेब्रुवारी १९७७ मध्ये हंगामी आणि ऑगस्ट १९७८ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये रीतसर असे हे दल अस्तित्वात आले. संसाराचा आरंभ उसनवारीनेच झाला. नौदलाने दिलेल्या दोन जुन्या लढाऊ नौका आणि पाच लहान गस्ती नौका, एवढेच त्याचे भांडवल होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'विक्रम' ही खोल समुद्रातील पहिली गस्ती नौका दलात दाखल व्हावयास १९८३ उजाडले.

लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याच्या नावे

या दलाकडून देशाची अपेक्षा काय, याची यादी केली तर सामान्य वाचकास आश्चर्य वाटेल. तस्करी रोखणे, परकी मच्छीमार नौकांची घुसखोरी अडविणे, तेलविहिरींच्या परिसरात गस्त घालणे, समुद्रावर सांडलेल्या तेलाचा तवंग आवरणे, वादळाची सूचना घेऊन मच्छीमारांना परत फिरविणे, बुडत्यांना वाचविणे, संकटात सापडलेल्या जहाजांवरील रुग्णांना किनाऱ्यावर आणणे, शास्त्रीय संशोधनाच्या कामी साहाय्य करणे आणि युद्धप्रसंगी नौदलाच्या आज्ञेत उभे राहणे ही सारी त्याची कामे आहेत. शोध आणि बचावाची भारताची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तर सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे. त्या पाण्यात कोणत्याही राष्ट्राचे जहाज बुडो, हाक मुंबई, चेन्नई अथवा श्रीविजयपुरम् म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथील केंद्रांनाच येते.

आता यातील गंमत अशी की, या प्रत्येक कामाचा लाभ निराळ्याच खात्याच्या पदरात पडतो. तस्करी थांबली तर महसूल वाढतो तो अर्थखात्याचा. तेलविहिरी सुरक्षित राहिल्या तर निश्चिंत होते पेट्रोलियम खाते. मासळीचे साठे राखले गेले तर श्रेय मत्स्यव्यवसाय खात्याचे, आणि किनारा तेलापासून वाचला तर पर्यावरण खात्याचे. खर्च मात्र संरक्षण मंत्रालयाच्या माथी. त्यातही सैन्य, नौदल आणि वायुदल यांच्या मुख्य मागण्यांत तो नसतो. मंत्रालयाच्या 'मुलकी' सदराखाली, सीमा रस्ते संघटनेच्या शेजारी, त्याची नोंद होते. गणवेश लष्करी, आज्ञा संरक्षण मंत्रालयाची, काम बव्हंशी मुलकी आणि हिशेबाचे पान भलतेच, अशी ही अवस्था आहे. ज्या घरात पाच भाऊ मिळून विहिरीचे पाणी वापरतात आणि दोर मात्र एकाच्याच पैशातून आणावयाचा असतो, तेथे दोर तुटेपर्यंत नवा येत नाही. हा कोणा एका भावाचा दुष्टपणा नव्हे. व्यवस्थाच तशी ठेवलेली असते.

आणखी एक अडचण पहाऱ्याच्या स्वरूपातच आहे. शाळा बांधली तर ती दिसते, पूल बांधला तर त्यावरून माणसे जातात. न झालेली तस्करी, न बुडालेली नौका आणि न आलेला शत्रू कोणास दाखविता येत नाही. पहारेकऱ्याचे काम जितके चोख, तितकी त्याची गरज नसल्याचा भास अधिक. म्हणूनच पहाऱ्यावरचा खर्च कोणत्याही अर्थमंत्र्याला सर्वांत आधी लांबणीवर टाकण्याजोगा वाटतो.

संकट आले की जाग

या लांबणीवर टाकण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली, आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे प्राणास मुकली. त्या प्रकरणी जकात खात्याचे अधिकारी आणि पोलीस यांनाही न्यायालयाने दोषी ठरविले, म्हणजे उणीव केवळ नौकांची नव्हती. परंतु किनारा उघडा आहे हे त्या वेळी स्पष्ट झाले, आणि महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, जकात खाते आणि पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. पंधरा वर्षे लोटली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री 'कुबेर' ही पोरबंदरची मच्छीमार नौका बळकावून आलेले दहा दहशतवादी एका रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. १६६ जीव गेले. त्यानंतर पुन्हा जाग आली. फेब्रुवारी २००९ मध्ये प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेची वाढीव जबाबदारी तटरक्षक दलावर सोपविण्यात आली, नवी ठाणी मंजूर झाली, आणि पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी किनारी रडार उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

मंजुरी आणि पूर्तता यांत किती अंतर असते, ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात उघड झाले. २६/११ नंतर मंजूर झालेल्या १४ ठाण्यांपैकी डिसेंबर २०१० पर्यंत जेमतेम पाच सुरू झाली होती. दलाच्या अनेक नौका आपले नेमून दिलेले आयुष्य ओलांडूनही पाण्यावर होत्या. म्हणजे मुंबईच्या छातीवरील जखम ओली असतानाही जागा मिळविणे, इमारत बांधणे, माणसे नेमणे ही कामे आपल्या नेहमीच्या चालीनेच चालली होती.

प्रदूषणाच्या बाबतीतही हेच घडले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले, आणि अलिबागपर्यंतच्या मच्छीमारांचे ऐन हंगामाच्या तोंडावर नुकसान झाले. तटरक्षक दलाने तवंग आवरण्यासाठी शर्थ केली. परंतु खास या कामासाठी बांधलेली देशातील पहिली नौका 'समुद्र प्रहरी' दलात दाखल झाली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे टक्कर होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी. आग विझल्यावर बंब दारात यावा, तसा हा प्रकार.

हुलकावणी देणारी उद्दिष्टे

शासनाने योजना आखल्या नाहीत असे मुळीच नाही. २०१७ च्या अखेरीस तटरक्षक दलाच्या विस्तारासाठी ३१,७४८ कोटी रुपयांचा पंचवार्षिक कार्यक्रम मंजूर झाला. २०२२ पर्यंत १७५ नौका आणि ११० विमाने, असे त्या वेळचे लक्ष्य. प्रत्यक्षात २०२२ च्या वर्धापनदिनी दलापाशी १५८ नौका आणि ७० विमाने होती, आणि नवे लक्ष्य सांगण्यात आले ते २०२५ पर्यंत २०० नौका व ८० विमाने यांचे. मग २०२५ उजाडले. त्या वर्षीच्या वर्धापनदिनी अधिकृतपणे सांगितलेली संख्या होती १५१ नौका आणि ७६ विमाने. आणि २०० नौकांचे लक्ष्य २०३० वर गेले होते, विमानांचे लक्ष्य १०० झाले होते. तीन वर्षांत नौकांची संख्या वाढण्याऐवजी सातांनी घटली. क्षितिज जसे चालणाऱ्याच्या पुढे पुढे सरकते, तसे हे उद्दिष्ट सरकत राहिले.

याचे कारण गूढ नाही. नौकेलाही आयुष्य असते. जुन्या नौका ठरल्या वेळी निवृत्त होतात. त्यांच्या जागी येणाऱ्या नौकांची मागणी मात्र ठरल्या वेळी नोंदविली गेलेली नसते. चौदा वेगवान गस्ती नौकांसाठी माझगाव गोदीशी १,०७० कोटी रुपयांचा करार झाला जानेवारी २०२४ मध्ये, आणि त्याची पूर्ततेची मुदत ६३ महिन्यांची. प्रदूषण नियंत्रणाच्या दोन नौकांचा करार गोवा शिपयार्डशी २०२१ मध्ये झाला, तेव्हा त्यांतील पहिल्या 'समुद्र प्रताप'चे जलावतरण ऑगस्ट २०२४ मध्ये होऊ शकले. यात कारखान्यांना दोष देण्याचे कारण नाही. जहाज बांधणे हे काम असेच सावकाशीचे आहे. परंतु ज्या वस्तूस घडावयास पाच वर्षे लागतात, तिचा विचार जर वर्षा-वर्षाच्या तरतुदीने, ३१ मार्चला रद्द होणाऱ्या रकमेने आणि संकटाच्या धक्क्याने होत असेल, तर ती वेळेवर मिळावी कशी? या दलासाठी नौका बांधणाऱ्या काही खासगी गोद्याही मध्यंतरी दिवाळखोरीत निघाल्या. मागणी सातत्याने न येणे हे त्यांच्या बुडण्याचे एकमेव कारण नव्हे, परंतु बांधणारा कारखानाच उभा राहिला नाही तर तिजोरीतील पैसाही पाण्यावर तरंगत नाही, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही.

पैशाच्या चर्चेत माणसे विसरली जातात. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ एका तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशाला आणावयास निघालेले दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि तिघेजण गेले. चार महिन्यांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी, त्याच जातीचे दुसरे हेलिकॉप्टर पोरबंदरच्या विमानतळावर पडले आणि आणखी तिघांचा बळी गेला. त्यानंतर या जातीची हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवून त्यांची तपासणी करावी लागली. ज्या दलापाशी विमाने व हेलिकॉप्टरे मिळून संख्या शंभरालाही पोहोचत नाही, तेथे एक जात जमिनीवर बसली की बचावाचा एक हातच अडकतो. राखीव साधने ही चैन नसते, हे अशा वेळी कळते. आणि समुद्र काही थांबत नाही. २०२५ च्या मे महिन्यात ६४० कंटेनर घेऊन जाणारे 'एमएससी एल्सा ३' हे जहाज कोचीजवळ बुडाले. तटरक्षक दल आणि नौदल यांनी मिळून त्यावरील चोवीसही जणांना वाचविले. पुढच्याच महिन्यात केरळच्या किनाऱ्यासमोर 'वान हाई ५०३' पेटले आणि त्या आगीशी कित्येक दिवस झुंजावे लागले.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, एवढे मोठे नौदल असताना दुसऱ्या दलावर खर्च कशाला? याचे उत्तर रुस्तमजी समितीनेच दिलेले आहे. नौदलाची नौका महाग असते, तिचे काम दूरचे असते, आणि कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लागणारी पकड, झडती आणि खटला यांची सवय वेगळी असते. नौदलाला किनाऱ्याच्या गस्तीत गुंतविणे ही काटकसर नसून उधळपट्टी आहे.

दुसरा आक्षेप राज्यांच्या सागरी पोलिसांचा. २००५ पासून केंद्राच्या योजनेतून किनारी राज्यांना सागरी पोलीस ठाणी आणि नौका देण्यात आल्या. पहिल्याच टप्प्यात नौकांची संख्या दोनशेच्या वर होती. परंतु इंधन, दुरुस्ती आणि शिकलेले खलाशी यांच्या अभावी त्या धक्क्याला बांधून राहिल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून वारंवार आल्या. नौका देणे सोपे, ती चालती ठेवणे कठीण. किनाऱ्यालगत पोलीस हवेतच. पण दोनशे मैलांच्या पाण्यात त्यांना पाठविणे म्हणजे तलाठ्याला सीमेवर उभे करण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मोलाचा. ज्या देशात शाळांना शिक्षक आणि दवाखान्यांना औषधे अपुरी पडतात, तेथे गस्ती नौकांवर हजारो कोटी का घालावेत? हा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरत नाही. तो कर भरणारा नागरिक आहे. त्याला उत्तर एवढेच की, समुद्रावरील पहारा हा श्रीमंतांचा शौक नाही. समुद्रावर सर्वाधिक जाणारा माणूस हा या देशातील गरिबांपैकी आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकणावर आले तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जे मच्छीमार बेपत्ता झाले, ते कोणी भांडवलदार नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळाने दिशा चुकलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह देवगडच्या आश्रयाला आल्या. कित्येक दिवस त्यांच्या घरच्यांना त्यांचा ठावठिकाणाही नव्हता. खोल समुद्रात गेलेल्या तांडेलापर्यंत इशारा पोहोचविणे, तो न परतल्यास त्याला शोधावयास विमान पाठविणे, हे ज्या दलाचे काम, त्यावरील खर्च हा शाळा-दवाखान्यांच्या विरोधातला नव्हे. त्याच जातीचा आहे.

आज्ञापत्राची शिकवण

महाराष्ट्राला या विषयात स्वतःची परंपरा आहे, आणि ती केवळ अभिमानाने मिरविण्याची नव्हे. तटरक्षक दलाच्या नौकांना जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई अशी नावे देण्यात आली. १९९९ च्या नोव्हेंबरात चाच्यांनी पळविलेल्या 'अलोन्द्रा रेनबो' या जपानी मालकीच्या जहाजाचा पाठलाग 'ताराबाई'ने केला आणि नौदलाच्या 'प्रहार'सह ते पकडले. पुढे मुंबईच्या न्यायालयाने चाच्यांना दोषी ठरविले, पण चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नसल्याने २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. तसा कायदा संसदेने केला तो २०२२ च्या डिसेंबरात. शासनाचा पाठिंबा म्हणजे नुसता पैसा नव्हे, वेळेवर केलेला कायदाही त्यात येतो, याचे यासारखे दुसरे उदाहरण नसेल.

परंतु खरी शिकवण त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या निश्चित वसुलीतून लावून द्यावा, समुद्रावरील मिळकतीवर त्याची भिस्त ठेवू नये, नाही तर आरमारच सावकार-व्यापाऱ्यांना उपद्रव देईल आणि व्यापार बुडेल, असा त्यातील एका सूचनेचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या या मुत्सद्द्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. पहाऱ्याचा पैसा निश्चित असावा लागतो, आणि तो पहारेकऱ्याच्या हाती सापडणाऱ्या मालावर अवलंबून असू नये. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, तरतूद आधीच ठरलेली, दीर्घ मुदतीची आणि संकटाच्या लाटेवर न डोलणारी असावी.

काय करता येईल

यासाठी कोणा अलौकिक उपायाची गरज नाही. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा यांच्या आधुनिकीकरणासाठी वर्षअखेरीस व्यपगत न होणारा निधी असावा, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ मध्ये केली आणि केंद्र सरकारने ती तत्त्वतः मान्यही केली. त्या तत्त्वाचा सर्वांत सरळ उपयोग तटरक्षक दलाच्या नौकाबांधणीला होऊ शकतो. कोणती नौका कोणत्या वर्षी निवृत्त होणार, हे आधीच ठाऊक असते. तिच्या जागेची मागणी सहा वर्षे अगोदर नोंदविण्याचा नियम झाला, तर उद्दिष्टे दर तीन वर्षांनी पुढे ढकलावी लागणार नाहीत आणि गोद्यांनाही काम सलग मिळेल.

लाभ घेणाऱ्या खात्यांनी आपला वाटा उचलणेही न्याय्य ठरेल. महसूल, पेट्रोलियम, मत्स्यव्यवसाय आणि बंदरे या खात्यांच्या मागण्यांतून ठरावीक रक्कम दलाकडे वर्ग व्हावी. व्यापारी जहाजांवर किंवा मच्छीमारांवर नवा कर बसवून नव्हे, तर सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात. असे झाले तर पाच भावांच्या विहिरीला दोर एकत्र आणला असे होईल. रत्नागिरी, मुरूड-जंजिरा आणि डहाणू येथील ठाण्यांसारख्या लहान ठाण्यांना धक्का, इंधन आणि दुरुस्तीची सोय जवळ मिळावी, एवढ्यासाठी तरी राज्य सरकारांनी जागेचे प्रस्ताव फायलींत अडकवू नयेत.

याच्या मोबदल्यात दलावरही एक बंधन यावे. किती हाका आल्या, किती वेळात मदत पोहोचली, किती नौका चालू अवस्थेत होत्या आणि किती दुरुस्तीत पडून होत्या, याचा लेखाजोखा दरवर्षी संसदेपुढे ठेवला जावा. वर्धापनदिनी सांगितली जाणारी वाचविलेल्या जिवांची संख्या अभिमानास्पद आहे. परंतु न वाचलेल्यांचा हिशेबही मांडला गेला, तरच उणीव कोठे आहे ते कळेल. जो पैसा देतो त्याला जाब विचारण्याचा अधिकार असतो, आणि जो जाब देतो त्याला पैसा मागण्याचा.

शाळेत दोन पिढ्यांनी भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरचा म्हणून पाठ केला. अधिक बारकाईने, खाड्या आणि वळणे जमेस धरून केलेल्या नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर भरला आहे. भूमी वाढली नाही. डोळे अधिक उघडले, एवढेच. तटरक्षक दलाच्या बाबतीतही हीच गोष्ट घडणे अवश्य आहे. १ फेब्रुवारी २०२७ रोजी या दलाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने संचलने होतील, पदके दिली जातील, भाषणे होतील. त्या सर्वांहून मोठा सन्मान म्हणजे एखाद्या संकटाची वाट न पाहता, शांततेच्या काळात आणि विचारपूर्वक, या दलाला त्याचे देणे ठरवून देणे. समुद्राकडे पाठ करून राज्य करणाऱ्यांना समुद्राने काय शिकविले, हे या किनाऱ्याने एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.